बेटावर फिरायला निघालात? आधी कट्टी कोणती आणि वादळ कोणतं ते ठरवा

गेल्या वर्षी अमळनेरहून आम्ही नऊ जण बालीला गेलो. निघायच्या आधी महिनाभर दोनच वाक्यं कानावर पडत होती. शेजारचे भाऊ म्हणायचे, "कसाले जातस तठे? लुटी लेतीन." आणि आधी जाऊन आलेला भाचा म्हणायचा, "काही व्हस नही भो, बिनधास्त जा." दोन्ही सल्ले सारखेच निरुपयोगी निघाले. तिथे काहीच होत नाही असं नाही, माझेच तीनेक हजार रुपये गेले. पण मोबाइल चोरीला गेला तो एकच, तोही परतीच्या गाडीत, कल्याण सोडल्यावर, खिडकीशी ठेवलेला.

आता ओळखीतलं कोणी ना कोणी दर सुट्टीत बाली, फुकेत, श्रीलंका नाहीतर अंदमानला निघालेलं असतं, आणि "तिकडे चोऱ्यामाऱ्या कितपत?" म्हणून फोन येतो. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो. उदाहरणं जास्त करून बालीची आहेत, कारण तेवढंच मी स्वतः पाहिलंय.

घरात केळी किंवा कापूस असेल तर पुढचं लगेच कळेल. काट्यावर व्यापारी क्विंटलमागे किलो-दोन किलो कापतो, ती कट्टी. ती दर वेळी जाते, जीव जळतो, पण घर बसत नाही. आणि मे-जूनमध्ये रावेर-यावलकडे वादळ येतं, अर्ध्या तासात उभी बाग आडवी होते. ते दर वर्षी येत नाही, पण ज्या वर्षी येतं त्या वर्षी पोरीचं लग्न पुढे ढकलावं लागतं. परदेशी बेटावरच्या धोक्यांचेही हेच दोन ढीग करायचे. आपली माणसं सगळी काळजी कट्टीवर खर्च करतात, पाकीट बनियनच्या खिशात शिवून घेतात, आणि मग विनापरवाना स्कूटर घेऊन डोंगरात जातात.

पहिली पायरी: आकडा बघा, पण त्याच्या खाली काय आहे तेही बघा

खुनाचा दर एक लाख लोकसंख्येमागे मोजतात. भारताचा दोन-तीनच्या घरात असतो. बाली ज्या देशात आहे त्या इंडोनेशियाचा नोंदलेला दर एकाच्याही खाली. उलट वेस्ट इंडीजचा सामना मैदानात बसून बघायचं स्वप्न असलेल्यांनी जमैकाचा आकडा पाहिला तर दचकायला होईल: २०२३ मध्ये लोकसंख्या सुमारे २८ लाख आणि खून १,४०० च्या आसपास, म्हणजे लाखामागे ५०. पण यातले बरेचसे खून टोळ्यांच्या भांडणातले, किंग्स्टन, स्पॅनिश टाउनसारख्या ठिकाणच्या ठराविक वस्त्यांमधले. तिथे पर्यटकाचं कामच नसतं. म्हणून "जमैका सुरक्षित आहे का?" हा प्रश्नच धड नाही. कोणती वस्ती, किती वाजता, पायी की गाडीत, असं विचारलं तर उत्तर मिळतं.

लहान बेटांचे आकडे तर फारच नाचतात. समजा एखाद्या बेटावर पन्नास हजार लोक आहेत. एका वर्षी पाच खून झाले, दर झाला १०. पुढच्या वर्षी एकच झाला, दर आला २ वर. बेट वर्षभरात पाचपट सज्जन झालं असं कोणी म्हणणार नाही, पण इंटरनेटवरच्या याद्या नेमकं तेच म्हणतात.

चोरीच्या आकड्यात तिसरी गोम आहे. बालीची लोकसंख्या सुमारे ४४ लाख. २०२४ मध्ये तिथे परदेशी पर्यटकच ६३ लाखांच्या आसपास आले, देशातले वेगळे. चोरी पर्यटकाची होते आणि भागाकार मात्र रहिवाशांच्या संख्येने. शिवाय दुसऱ्या दिवशी विमान असलेला माणूस चार हजारांसाठी पोलीस ठाण्यात बसत नाही, त्यामुळे अर्धी चोरी कागदावर येतच नाही. खुनाचा आकडा त्यातल्या त्यात खरा, कारण प्रेत लपत नाही. खिसेकापूंच्या आकड्यावर विसंबू नका.

दुसरी पायरी: सरकारी इशारे वाचा, पण क्रमांकावर थांबू नका

अमेरिका आपल्या नागरिकांसाठी देशांना एक ते चार अशा पायऱ्यांवर ठेवते. इंडोनेशिया गेली काही वर्षं दुसऱ्या पायरीवर दिसतो, भारतही दुसऱ्या आणि फ्रान्सही दुसऱ्या. म्हणजे नुसत्या क्रमांकातून जळगाव आणि पॅरिस यातला फरकही कळणार नाही. खालचा मजकूर वाचायचा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाची पानं त्यासाठी चांगली. ऑस्ट्रेलियन माणूस बालीला आपण महाबळेश्वरला जावं तसा जातो, त्यामुळे त्यांचं इंडोनेशियाचं पान अगदी बारकाईने लिहिलेलं असतं. मोटारसायकलवरून येऊन पर्स ओढणारे, एटीएममध्ये कार्डाची नक्कल करणारी यंत्रं, पेयात काहीतरी मिसळणं, सगळं पद्धतीसकट.

मग नकाशावर आपल्या हॉटेलची गल्ली उघडा आणि आजूबाजूच्या दुकानांचे एक-दोन ताऱ्यांचे अभिप्राय तेवढे वाचा, तेही गेल्या सहा महिन्यांतले. 'स्कॅम' हा शब्द शोधला की काम सोपं होतं. पंधरा मिनिटांत त्या गल्लीची कुंडली हातात येते.

तिसरी पायरी: पैसे बदलताना शेवटचा हात आपला

ही कट्टीच, पण सगळ्यांची होते, म्हणून सविस्तर सांगतो.

बालीच्या कुटा भागात एका बोळात पैसे बदलून देणारं दुकान. दुकान कसलं, एका बाजूला पोहण्याचे कपडे लटकलेले, दुसऱ्या बाजूला टेबल. पाटीवरचा भाव मोठ्या रस्त्यावरच्या दुकानांपेक्षा चांगला. साडू म्हणाले, इथेच घेऊ. तीनशे डॉलर दिले. डॉलरला सोळा हजारांच्या हिशेबाने ४८ लाख रुपिया यायला हवे होते. इथेच माणूस अर्धा गारद होतो, कारण आयुष्यात पहिल्यांदा आपण लखपती होतो आणि शून्यं मोजता मोजता डोकं गरगरतं. त्याने लाखाच्या लाल नोटा दिल्याच नाहीत, पन्नास हजारांच्या निळ्या काढल्या. वीस-वीस नोटांच्या चार गड्ड्या लावल्या, पाचवी सोळाची. माझ्यासमोर मोजल्या, मग मलाही मोजायला लावल्या. बरोबर ९६. मी समाधानाने मान हलवली. तेवढ्यात तो म्हणाला, एकदा शेवटचं बघतो. सगळ्या गड्ड्या दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढल्या, टेबलावर खाली-वर आपटून सारख्या केल्या आणि रबर लावून दिल्या. दुसरा माणूस त्याच वेळी विचारत होता, "इंडिया? शाहरुख खान?" मी हसून हो म्हटलं. खोलीवर जाऊन मोजल्या तर ८४. बारा नोटा टेबलामागच्या खणात उतरल्या होत्या, आणि त्या उतरताना मी शाहरुख खानचं कौतुक करत होतो.

एकच नियम: नोटा तुम्ही मोजल्यानंतर त्याचा हात पुन्हा लागता कामा नये. लागला तर परत पहिल्यापासून मोजा. तो चिडला तर आपले डॉलर उचला आणि चालू लागा, भांडायचं नाही. भाव फार चांगला दिसला तर आत जाऊच नका. परवाना असलेल्या दुकानांच्या पाटीवर 'बेरिझिन' हा शब्द असतो. काचेच्या खोलीतली, पावती देणारी, नोटा मोजायच्या यंत्राची दुकानं निवडा.

एटीएम बँकेच्या आवारातलंच वापरा. तिथली बरीच यंत्रं आधी पैसे देतात आणि मग कार्ड. आपल्याला पैसे हातात आले की निघायची सवय, त्यामुळे कार्ड आतच राहतं. यात चोराचा काही दोष नाही. आणि यंत्राने "रुपयांत वजा करू का?" विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात घ्या. रुपयांत घेतलं तर भाव त्यांचा लागतो, ही कायदेशीर कट्टी आहे. श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून क्यूआर कोडवर आपलं यूपीआय सुरू झालंय, तिथे जाणाऱ्यांची नोटांची कटकट थोडी कमी.

टॅक्सीचं थोडक्यात: ॲपवरची गाडी किंवा मीटरची. निळ्या रंगाची प्रत्येक टॅक्सी ब्लूबर्ड या नावाजलेल्या कंपनीची नसते, दारावरचं नाव वाचा. काही वस्त्यांत स्थानिक चालक ॲपची गाडी आत येऊ देत नाहीत. तिथे हुज्जत न घालता मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जा.

चौथी पायरी: सोनं घरी

इथे मला सगळ्यात जास्त विरोध झाला. जळगावच्या सराफ बाजाराची सावली आपल्या सगळ्या बायकांवर आहे. मोठी माय म्हणाली, "मोकळ्या गयानी मी विमानमा बठाव नही" (मोकळ्या गळ्याने मी विमानात बसणार नाही). तिची चार तोळ्यांची पोत, शिवाय पाटल्या. दुचाकीवरून पोत ओढणं आपल्याकडे काही नवीन नाही, तिथेही पर्स आणि मोबाइल तसेच ओढतात. पण खरी भीती पैशांची नाही. गळ्यातलं ओढलं की माणूस पडतो, आणि साठीच्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं तर सहल तिथेच संपते. कट्टीचं वादळ व्हायला एवढं पुरतं.

शेवटी एक ग्रॅमचं खोटं मंगळसूत्र घेतलं. ते घालून मोठी मायने सगळे फोटो काढले आणि आता "तठे इकत लिधं" म्हणून सांगते. तरीही खरं सोनं न्यायचंच असेल तर निघताना विमानतळावर कस्टमला दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, सराफाचं बिल सोबत ठेवा. नाहीतर परतताना "हे तिकडून आणलं नाही" हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

पाचवी पायरी: मोबाइल, पासपोर्ट आणि स्कूटर

रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघायचा नाही. भिंतीकडे तोंड करा, किंवा दुकानात शिरा. पर्स रस्त्याच्या बाजूच्या खांद्यावर नको. स्कूटरवर मागे बसून व्हिडिओ काढणारा भाचा म्हणजे चोराला आयतं निमंत्रण.

बालीतल्याच उलुवातूच्या मंदिरातली चोरी वेगळी. तिथली माकडं चष्मा, टोपी, मोबाइल उचलतात आणि खायला मिळाल्याशिवाय परत करत नाहीत. संशोधकांनी त्यांचा अभ्यास केलाय: वयाने मोठ्या माकडांना कोणती वस्तू माणसाला जास्त प्यारी हे कळतं आणि त्या वस्तूसाठी ती जास्त खाणं मागतात. आमच्या काकांचा चष्मा गेला. पहिलं फळ माकडाने घेतलं आणि चष्मा तसाच धरून ठेवला, दुसऱ्या फळाला सोडला. बाजार समितीत चाळीस वर्षं काढलेले काका म्हणाले, "हा तर आडत्या शे."

भाड्याच्या स्कूटरसाठी तारण म्हणून पासपोर्ट कधीही देऊ नका. परत देताना "हा ओरखडा तुम्हीच पाडला" म्हणून अडवून ठेवतात, आणि पासपोर्ट त्यांच्या खणात असला की तुमची वाचा बसते. रोख अनामत द्या, घेताना गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. थायलंडच्या किनाऱ्यांवर पाण्यातल्या स्कूटरचाही हाच धंदा जुना आहे.

आता वादळाकडे. बेटावर पर्यटकाचा जीव जातो तो बहुतेक वेळा रस्त्यावर नाहीतर पाण्यात, चाकूने क्वचितच. स्कूटर चालवायची तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. तो आपल्या आरटीओतून मिळतो, सरकारी शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवान्यात दुचाकी असली पाहिजे, नुसत्या कारच्या परवान्यावर भागत नाही. परवाना नसताना पडलात तर प्रवास विमा हात वर करतो, आणि मग परदेशातल्या हॉस्पिटलचं बिल म्हणजे बागायत विकायची वेळ. समुद्राचं तसंच. आपण तापीकाठची माणसं, डोहात पोहायला शिकलेली. किनाऱ्यावरून आत ओढणारा प्रवाह आपल्याला ओळखता येत नाही. लाल झेंडा असेल तिथे पाण्यात उतरायचंच नाही.

सहावी पायरी: ग्लास आणि पार्सल

पिणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. बालीत अराक नावाची गावठी दारू मिळते. २००९ साली तिथे भेसळीच्या अराकने २५ माणसं मारली, त्यात परदेशीही होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग व्हिएंग गावात सहा परदेशी पर्यटक असेच गेले. कारण मिथेनॉल, तेच ज्याने २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत शंभरावर बळी घेतले. आपल्याकडे हातभट्टीवरून माणूस गेला की गावाला नवल वाटत नाही, पण तीच दारू रंगीत छत्री लावलेल्या ग्लासात आली की आपण ओळखत नाही. मिथेनॉलला वेगळी चव नसते. आधी नेहमीची नशा वाटते, मग बारा ते चोवीस तासांनी डोकं फुटतं, उलट्या होतात, धुक्यातून बघितल्यासारखं दिसू लागतं. "उतरली नाही अजून" म्हणून झोपवून ठेवू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या. वेळेत उपचार मिळाले तर डोळे वाचतात, माणूसही वाचतो. समोर उघडलेली बाटली किंवा बिअरचा डबा घ्या. फुकटचा शॉट आणि बादलीतलं कॉकटेल नको. बायकांनी, आणि खरं तर सगळ्यांनीच, ग्लास सोडून नाचायला गेलात तर परत त्याच ग्लासाला तोंड लावू नका.

अमली पदार्थांबद्दल इंडोनेशियाचा कायदा फाशीपर्यंत जातो, आणि ती धमकी कागदावरची नाही. एप्रिल २०१५ मध्ये अशा गुन्ह्यांतल्या आठ जणांना गोळ्या घालून मारलं, त्यातले दोन ऑस्ट्रेलियन २००५ मध्ये बालीतच पकडले गेलेले. रस्त्यावर कोणी कानाशी येऊन काही विचारलं तर थांबायचं नाही, हसायचंही नाही. घरची औषधं नेताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टण सोबत ठेवा.

लहान गावातल्या पोरांना एक वेगळं आमिष दाखवतात. तिकीट फुकट, हॉटेल फुकट, येताना फक्त एक बॅग आणायची. त्या बॅगेत गांजा असतो. बँकॉकहून येणारा असा माल मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो. व्यापारी प्रमाणात सापडला तर आपल्या कायद्यात १० ते २० वर्षं सक्तमजुरी. पोरगं "मला माहीत नव्हतं" म्हणतं. न्यायाधीशांनी ते रोज ऐकलेलं असतं. गावातलाच ओळखीचा माणूस पार्सल देत असेल तरी नाही म्हणा. बॅग स्वतः भरा, कुलूप स्वतः लावा.

अंदमानला जाणाऱ्यांसाठी: इथे गुन्हेगार तुम्हीच ठराल

अंदमानात चोरीची भीती बाळगू नका, रात्री बाजारात फिरा. तिथे आपल्या माणसाला अडचणीत आणते ती त्याचीच हौस. श्री विजयपुरमहून (२०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर) बारातांगला जाताना जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ताफ्याने सोडतात, कारण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमानुसार तिथे थांबणं, फोटो काढणं, बिस्किटं देणं सगळं गुन्हा आहे. काच खाली करून मोबाइल काढणाऱ्या काकांना आधीच समजावून ठेवा. नॉर्थ सेंटिनल या बाहेरच्यांना बंदी असलेल्या आदिवासी बेटाजवळ तर बोटीनेही फिरकायचं नाही. २०१८ मध्ये तिथे उतरलेला अमेरिकन मारला गेला, मार्च २०२५ मध्ये दुसरा एक अमेरिकन नारळ आणि कोकचा डबा ठेवून आला आणि तुरुंगात गेला. किनाऱ्यावरचं मृत प्रवाळही उचलू नका. वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहे आणि विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात.

शेवटची पायरी: एक कागद

सगळं मोबाइलमध्ये ठेवलं आणि मोबाइलच गेला तर? म्हणून एक कागद लिहा आणि प्रत्येकाच्या खिशात द्या. हॉटेलचं नाव-पत्ता. कार्ड बंद करायचा बँकेचा नंबर. विम्याचा पॉलिसी क्रमांक. इंडोनेशियात पोलीस ११०, थायलंडचे पर्यटक पोलीस ११५५, श्रीलंकेचे पर्यटक पोलीस १९१२, अंदमानात आपलंच ११२. बालीत देनपसारला भारताचं वाणिज्य दूतावास आहे. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग या दूतावासातून घरी परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. चोरी लहान असली तरी तक्रारीची प्रत घ्या, बहुतेक विमा कंपन्या ती चोवीस तासांच्या आतली मागतात.

मोठी मायने तिचा कागद एका लग्नपत्रिकेच्या मागे लिहून पाकिटात ठेवला होता. तिसऱ्या दिवशी ती बाजारात आमच्यापासून चुकली. घाबरली नाही, थेट एका औषधाच्या दुकानात शिरली आणि तिथल्या मुलीला कागद दाखवला. मुलीने तो दोन मिनिटं उलटसुलट करून पाहिला. पत्ता, फोन नंबर, खोलीचा नंबर, सगळं व्यवस्थित होतं, सुवाच्य देवनागरीत. तुमचा कागद इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहा.